विश्लेषण : प्लायवूडच्या हिशेबातून नोबेलपर्यंत... लिओनिद कँटोरोविच यांचे गणित सोव्हिएत व्यवस्थेला का खुपले?

आलेखावर रेषा काढायची आणि तिची एक बाजू रंगवायची, हे अनेकांना परीक्षेतल्या चार-पाच गुणांपुरतेच आठवते. याच गणिताने एका सोव्हिएत गणितज्ञाला नोबेल मिळवून दिले. त्याआधी मात्र त्यांचे पुस्तक १७ वर्षे छापले गेले नाही.

कोण होते कँटोरोविच?

लिओनिद कँटोरोविच यांचा जन्म १९ जानेवारी १९१२ रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये, एका डॉक्टरच्या घरी झाला. शहराचे नाव लेनिनग्राड झाल्यावर तिथल्याच विद्यापीठात त्यांनी वयाच्या १४व्या वर्षी प्रवेश घेतला. १८व्या वर्षी ते पदवीधर झाले आणि २२व्या वर्षी प्राध्यापक.

प्रश्न कुठून आला?

१९३८ मध्ये प्लायवूड उद्योगातील प्रयोगशाळेने त्यांचा सल्ला मागितला. यंत्रे अनेक, लाकडाचे प्रकार अनेक आणि प्रत्येक यंत्राचा वेग प्रत्येक लाकडासाठी वेगळा. कोणते लाकूड कोणत्या यंत्रावर किती वेळ चालवले, तर उत्पादन सर्वाधिक होईल? इथे बरोबरीची समीकरणे पुरत नव्हती. यंत्राचा वेळ ‘इतकाच’ नसतो, तो ‘जास्तीत जास्त इतका’ असतो. अशा अटीला रेषीय असमानता म्हणतात.

आलेखावर हे कसे दिसते?

एक छोटे उदाहरण घेऊ. समजा, एका सुताराकडे ८ तास आणि ५ फळ्या आहेत. टेबलाला २ तास व १ फळी लागते, खुर्चीला १ तास व १ फळी. टेबले ‘क्ष’ आणि खुर्च्या ‘य’ मानल्या, तर अटी अशा :

२क्ष + य ≤ ८
क्ष + य ≤ ५

आधी २क्ष + य = ८ ही रेषा काढायची. ती (४, ०) आणि (०, ८) या बिंदूंतून जाते. कोणती बाजू रंगवायची, हे ठरवायला आरंभबिंदू (०, ०) अटीत घालून पाहायचा. ० हे ८ पेक्षा कमी आहे, म्हणजे आरंभबिंदूची बाजू आपली. बरोबरीही चालत असल्याने रेषा सलग काढतात. चालत नसती, तर तुटक काढली असती. दुसऱ्या अटीचेही तसेच. टेबले-खुर्च्यांची संख्या शून्याखाली जात नाही, म्हणून फक्त पहिला चरण घ्यायचा. सगळ्या अटी पाळणारा चौकोनी भाग उरतो. त्याचे कोपरे (०, ०), (४, ०), (३, २) आणि (०, ५).

टेबलामागे ५०० आणि खुर्चीमागे ३०० रुपये सुटत असतील, तर सर्वाधिक नफा या कोपऱ्यांपैकी एकावर सापडतो. कोपऱ्यांवरील नफा अनुक्रमे ०, २०००, २१०० आणि १५०० रुपये. म्हणजे ३ टेबले आणि २ खुर्च्या.

मग अडचण काय होती?

दोन चले असतील तर कागद पुरतो. कारखान्यात चले डझनावारी असतात आणि कोपरे मोजता येणार नाहीत इतके होतात. कँटोरोविच यांनी प्रत्येक कोपरा न तपासता उत्तरापर्यंत पोहोचण्याची रीत शोधली आणि १९३९ मध्ये ती पुस्तिकेच्या रूपात मांडली.

या रीतीत प्रत्येक साधनाला एक आकडा मिळतो. आपल्या सुताराला एक तास जास्त मिळाला, तर नफा २०० रुपयांनी वाढून २३०० होतो. एक फळी जास्त मिळाली, तर १०० रुपयांनी. म्हणजे टंचाईलाच किंमत आली. वस्तूचे मूल्य तिच्यातल्या श्रमावर ठरते, असे मानणाऱ्या सोव्हिएत अर्थशास्त्राला हे मान्य होणारे नव्हते. स्टालिनच्या काळात अशा मतभेदाची किंमत जिवानेही मोजावी लागू शकत होती.

युद्धात काय घडले?

लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा पडला, तेव्हा गोठलेल्या लाडोगा सरोवरावरून ट्रक शहरात रसद आणत. बर्फाची जाडी आणि तापमान पाहून दोन ट्रकमध्ये किती अंतर ठेवावे, याचा हिशेब कँटोरोविच यांनी केला. १९४२ मध्ये त्यांनी साधनांच्या सर्वोत्तम वापरावर पुस्तक लिहिले. मॉस्कोत त्याला कडवा विरोध झाला आणि अर्थशास्त्राचे काम त्यांना बाजूला ठेवावे लागले. १९४९ चे स्टालिन पारितोषिक त्यांना मिळाले, पण ते शुद्ध गणितासाठी.

मान्यता कधी मिळाली?

स्टालिनच्या मृत्यूनंतर वातावरण निवळले आणि १९५९ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. तोवर अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये स्वतंत्रपणे ‘सिम्प्लेक्स’ पद्धत शोधली होती. कँटोरोविच यांना १९६५ मध्ये लेनिन पारितोषिक आणि १९७५ मध्ये त्यालिंग कूपमन्स यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हा मान मिळवणारे ते एकमेव सोव्हिएत नागरिक. ७ एप्रिल १९८६ रोजी मॉस्कोत त्यांचे निधन झाले. विमानांची वेळापत्रके, तेलशुद्धीकरण आणि मालवाहतूक यांचे नियोजन आज याच गणितावर चालते.