अर्नेस्ट हेमिंग्वे : गळ आणि लेखणी

समुद्रावर मासा धरणारी माणसे दोन प्रकारची असतात. एक पोटासाठी धरतो, दुसरा हौसेसाठी. पहिल्याची होडी रिकामी आली तर घरी चूल पेटत नाही. दुसऱ्याची आली तर संध्याकाळच्या गप्पांची रंगत थोडी कमी होते, इतकेच. जगप्रसिद्ध अमेरिकन कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे हा निःसंशय दुसऱ्या प्रकारचा. स्वतःच्या नौकेतून, महागडी काठी आणि रीळ घेऊन बेटाबेटांवर मासेमारीची मौज लुटणारा हा हौशी शिकारी. आणि तरीही एका गरीब कोळ्याची, जगभर वाचली गेलेली कथा त्याच्याच हातून उतरली. हे कसे घडले असावे, या कुतूहलाने मी त्याच्या चरित्राकडे वळलो.

हेमिंग्वेचा जन्म २१ जुलै १८९९ रोजी शिकागोजवळच्या ओक पार्क येथे झाला. वडील क्लॅरेन्स हे डॉक्टर. मिशिगन राज्यात वॉलून सरोवराच्या काठी कुटुंबाचे उन्हाळी घर होते. तेथेच वडिलांनी या मुलाच्या हाती पहिल्यांदा गळ दिला. पुढे १९१८ साली रेडक्रॉसच्या रुग्णवाहिकेवर काम करीत असता इटलीच्या आघाडीवर तो जबर जखमी झाला. त्या जखमा घेऊन घरी परतलेल्या या तरुणाला विसावा मिळाला तो मिशिगनच्या नद्यांकाठी. युद्धातून आलेला एक तरुण एकटाच ट्राउट मासे धरीत आपले मन सावरतो, अशी एक सुंदर कथा त्याने १९२५ साली प्रसिद्ध केली. तीत युद्धाचा उल्लेखही नाही. म्हणजे मासेमारी ही त्याच्या लेखी नुसती करमणूक कधीच नव्हती, असे मला वाटते.

१९२८ साली तो फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकाला असलेल्या की वेस्ट या बेटावर राहावयास आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात वडिलांनी आत्महत्या केली. ज्या हातांनी गळ दिला होता ते हात गेले. गळ मात्र सुटला नाही. १९३२ साली जो रसेल नावाच्या मित्राच्या ‘अनीता’ या नौकेतून तो क्युबाला थोड्या दिवसांच्या सुटीवर गेला आणि चांगला दोन महिने रमला. हवानाच्या किनाऱ्यालगतच गल्फ स्ट्रीम हा उष्ण सागरी प्रवाह वाहतो. किनारा सोडताच तळ एकाएकी खोल जातो आणि पाणी गडद निळे होते. त्या निळाईतून मार्लिन हा भाल्यासारख्या चोचीचा प्रचंड मासा जातो. तो गळाला लागला की पाण्याबाहेर उसळ्या घेतो, शेकडो हात दोर ओढून नेतो आणि तासन् तास झुंजतो. काठीला पट्ट्याने जखडलेला माणूस घामाने निथळतो, हाताला फोड येतात, पाठ मोडते. या खेळाचा संकेत असा की, गळाला मासा लागल्यावर त्या काठीला दुसऱ्या कोणी हात लावावयाचा नाही. झुंज एकट्याची.

१९३४ साली हेमिंग्वेने ब्रुकलिनच्या व्हीलर कारखान्यातून ३८ फूट लांबीची स्वतःची नौका बांधून घेतली. तिचे नाव ‘पिलार’. तिला दोन इंजिने होती. धीम्या गतीने आमिष ओढीत फिरण्यासाठी लहान इंजिन वेगळे. त्याच उन्हाळ्यात फिलाडेल्फियाच्या निसर्गविज्ञान अकादमीचे चार्ल्स कॅडवालडर आणि मत्स्यशास्त्रज्ञ हेन्री फाउलर हे मार्लिनच्या अभ्यासासाठी त्याचे पाहुणे झाले. काळा, पांढरा, निळा असे मार्लिनचे प्रकार मानले जात; त्यांतले खरे वेगळे कोणते, हा त्यांचा प्रश्न होता. हेमिंग्वेने त्यांना मासे मोजून दिले, निरीक्षणे लिहून पाठविली. पुढे १९३५ साली फाउलरने एका नव्या माशाला त्याचे नाव दिले : ‘निओमेरिन्थे हेमिंग्वेयी’. शिकाऱ्याच्या हौसेत अभ्यासकाची चिकाटी मिसळली होती, ती अशी.

परंतु याच माणसाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९३५ च्या एप्रिलमध्ये बहामातील बिमिनी बेटाकडे जाताना गळाला लागलेल्या शार्कवर त्याने पिस्तूल झाडले. गोळी नौकेच्या कडेवर आपटून उलटली आणि त्याच्याच दोन्ही पायांत शिरली. जखमा भरताच तो पुन्हा बिमिनीला निघाला. तेथे महाकाय ट्यूना मिळत, परंतु वर काढेपर्यंत शार्क त्यांचे लचके तोडीत. माशाला क्षणाची विश्रांती न देता, सारी ताकद लावून झटपट ओढावे, हे तंत्र हेमिंग्वेने अवलंबिले आणि अखंड ट्यूना बाहेर काढून नाव कमावले. त्याच मोसमात चित्रकार मित्र हेन्री स्ट्रेटर याच्या गळाला मोठा मार्लिन लागला. शार्क जवळ येताच हेमिंग्वेने त्यांच्यावर मशीनगन चालविली. रक्त पाण्यात पसरले, त्या वासाने आणखी शार्क धावले आणि बघता बघता निम्मा मासा फस्त झाला. मित्राच्या मनात ही अढी कायमची राहिली. जिंकण्याच्या धुंदीत माणूस मैत्रीचाही खेळ कसा करतो, त्याचा हा नमुना होय.

आता दुसरा एक निम्मा मासा पाहा. क्युबाच्या कोळ्यांमध्ये एक हकीकत सांगितली जाई. काबान्यासचा एक म्हातारा एकट्याने होडी घेऊन गेला. नुसत्या हातात धरलेल्या दोराला मोठा मार्लिन लागला आणि त्याने होडी दूर समुद्रात ओढून नेली. म्हाताऱ्याने अखेर त्याला मारून होडीच्या बाजूला बांधले. मग शार्क आले. म्हातारा वल्ह्याने झुंजला, थकला. दोन दिवसांनी इतर कोळ्यांना तो सापडला तेव्हा अर्ध्याहून कमी मासा उरला होता आणि तो होडीत बसून रडत होता. हेमिंग्वेने ही हकीकत १९३६ साली ‘एस्क्वायर’ मासिकातील एका लेखात मोजक्या ओळींत नोंदवली आणि सोळा वर्षे मनात ठेवली.

मला वाटते, हेमिंग्वेच्या आयुष्याचे मर्म या सोळा वर्षांत आहे. या काळात तो पाहुण्याचा रहिवासी झाला. हवानाजवळ फिंका व्हिहिया या घरात तो राहू लागला. ‘पिलार’ कोहीमार या कोळ्यांच्या गावी नांगरून असे. १९३८ पासून ग्रेगोरिओ फुएन्तेस हा तिचा खलाशी होता. प्रवाह, वारा, पक्ष्यांची वळणे यांचे ज्ञान हेमिंग्वेला मिळाले ते अशाच माणसांकडून. १९५० साली आलेल्या त्याच्या कादंबरीवर टीकाकार तुटून पडले. हा लेखक संपला असे बोलले जाऊ लागले. अशा वेळी, १९५२ साली, त्याने म्हाताऱ्या सांतियागोची कथा लिहून प्रसिद्ध केली. स्वतःच्या विक्रमाची नव्हे, तर एका गरिबाच्या हानीची. मराठीत ती पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने आणली. १९५३ साली तिला पुलित्झर पारितोषिक लाभले आणि १९५४ साली हेमिंग्वेला नोबेल. आफ्रिकेतील दोन विमान अपघातांत झालेल्या इजांमुळे तो समारंभास जाऊ शकला नाही. नोबेलचे पदक त्याने एल कोब्रेच्या मातेच्या चरणी, क्युबाच्या लोकांना अर्पण केले.

पुढची वर्षे दुखण्याची आणि खिन्नतेची होती. १९६० साली क्युबा सुटला. २ जुलै १९६१ रोजी आयडाहो राज्यातील केचम येथे, वडिलांप्रमाणेच, त्याने स्वतःचा अंत केला.

हौसेसाठी जीव घेणे मला आजही पटत नाही. पण हौसेने गेलेला माणूस पोटासाठी झुंजणाऱ्याकडे पाहावयास शिकला, त्याचे दुःख आपल्या विक्रमापेक्षा मोठे मानू लागला, हे मोलाचे वाटते. त्याच्या मृत्यूनंतर कोहीमारच्या कोळ्यांनी त्याचा पुतळा उभारावयाचे ठरविले. धातू विकत घेण्याइतका पैसा कोणाजवळ नव्हता. तेव्हा त्यांनी आपल्या होड्यांचे जुने पंखे, नांगर, कड्या आणून दिल्या आणि त्या वितळवून हेमिंग्वेचा अर्धपुतळा घडविला गेला. तो आजही कोहीमारला समुद्रासमोर उभा आहे.