पत्राचा मायना सुचेना म्हणून कोरा कागद पाठवला, आणि पुणतांब्याच्या चांगदेवांना नातीच्या वयाची गुरू मिळाली

ऑफिसात नवा टीम लीड येतो. वय वर्षं २६. त्याच्या हाताखाली असतात पन्नाशी ओलांडलेले एक काका, ज्यांनी त्याच कंपनीत २२ वर्षं काढलीत. पहिल्या दिवशी काका मेल लिहायला बसतात आणि पहिल्याच शब्दाला अडतात. सर लिहावं, तर पोरगं आपल्या मुलाच्या वयाचं. नुसतं नाव लिहावं, तर तो आपला साहेब. शेवटी काका मायनाच गाळतात, फाईल जोडतात आणि मेल पाठवून देतात.

ही अडचण आपल्याला आजची वाटते. बूमर, मिलेनियल, जेन झी अशी लेबलं लावून आपण तिच्यावर मीम्स पण बनवतो. पण अगदी हीच अडचण सुमारे सव्वासातशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या एका फार मोठ्या माणसाला आली होती. त्यानं त्यावर जे केलं, ते भल्याभल्या सिनियर लोकांना जमत नाही.

या माणसाचं नाव चांगदेव. त्यांची समाधी आहे पुणतांब्याला.

पुणतांबा म्हटलं की अनेकांना १ जून २०१७ चा शेतकरी संप आठवतो, ज्याची हाक याच गावच्या ग्रामसभेतून निघाली होती. काहींना रेल्वे जंक्शन आठवतं, कारण दौंड-मनमाड मार्गावर शिर्डीचा फाटा इथूनच फुटतो. पण राहाता तालुक्यातलं हे गोदावरीकाठचं गाव वारकऱ्यांना माहितीये ते चांगदेव महाराजांसाठी.

आता चांगदेव म्हणजे नेमके कोणते, इथून सुरुवात करू. कारण त्या काळात या नावाची बरीच माणसं होती. एक चांगदेव म्हणजे गणिती भास्कराचार्यांचा नातू. तो यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यानं मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला सापडलाय. दुसरे महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांमधले चांगदेव राऊळ. आपली गोष्ट आहे तिसऱ्यांची, म्हणजे योगी वटेश्वर चांगदेवांची.

त्यांच्याबद्दल बहुतेक माहिती येते ती आख्यायिकांमधून. त्यात सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे त्यांचं वय. चांगदेव १४०० वर्षं जगले असं सांगतात. शंभर वर्षं भरली आणि मृत्यू जवळ आला की ते योगबळानं प्राण वर चढवून समाधीत बसायचे. वेळ टळली की परत आयुष्य सुरू. असं त्यांनी चौदा वेळा केलं म्हणे. चौदा विद्या, चौसष्ट कला अवगत, सिद्धी हाताशी आणि मागे शिष्यांचा मोठा लवाजमा.

१४०० वर्षं कुणी जगत नाही, हे सांगायची गरज नाही. यावर एक तर्क असा मांडला जातो की चांगदेव हे एका माणसाचं नाव नसून गादीचं नाव असावं. एक चांगदेव गेला की दुसरा त्या गादीवर बसायचा. तसं असेल तर १४०० हे माणसाचं नाही, संस्थेचं वय ठरतं. आणि जुन्या संस्थेत बसलेला माणस काय म्हणतो, ते आपल्याला माहितीये. आमच्याकडे पहिल्यापासून असंच चालतं.

त्याच काळात चार भावंडांचं नाव गाजायला लागलं होतं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता. परंपरेतल्या एका कालगणनेनुसार त्यांचे जन्म १२७३, १२७५, १२७७ आणि १२७९ चे. संन्याशाची पोरं म्हणून समाजानं वाळीत टाकलेली. आईवडील लवकर गेले. डोक्यावर छप्पर नाही, पाठीशी गादी नाही, मागे लवाजमा नाही. पण १२९० मध्ये आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्याच नेवाशाला ज्ञानदेवांनी गीतेवरची मराठी टीका सांगून पूर्ण केली. वरच्या हिशेबानं तेव्हा त्यांचं वय होतं १५.

ही कीर्ती चांगदेवांच्या कानावर गेली. भेटावं असं वाटलं. आधी पत्र पाठवू म्हणून ते लिहायला बसले आणि मायन्यालाच अडले.

मराठी पत्रात मायना म्हणजे नुसतं हाय-हॅलो नसतं. समोरचा वयानं लहान असेल तर चिरंजीव लिहायचं. मोठा असेल तर तीर्थरूप. चिरंजीव लिहावं, तर ज्ञानानं हा मुलगा आपल्या पुढे गेलेला. तीर्थरूप लिहावं, तर वयानं पोरसवदा. एका शब्दात पत्करायचं होतं की आपल्या दोघांत मोठं कोण. चांगदेवांना ते ठरवता आलं नाही. त्यांनी कागद कोराच ठेवला आणि शिष्याच्या हाती पाठवून दिला.

कोरं पत्र भावंडांकडे पोचलं. आख्यायिका सांगते की ते पाहून सगळ्यात धाकटी मुक्ताबाई हसली. इतकी शतकं जगून हा योगी अजून कोराच राहिला, असा टोमणा तिनं मारला. टोमणा खरा होता. पण गोष्ट तिथं संपली असती, तर आज आपण ती सांगत बसलो नसतो. थोरले निवृत्तीनाथ चिडले नाहीत आणि हसण्यावारीही नेलं नाही. कोऱ्या कागदावर काहीतरी लिहिता येतं, हे त्यांनी पाहिलं. उत्तर लिहायचं काम त्यांनी ज्ञानदेवांवर सोपवलं.

ते उत्तर म्हणजे चांगदेव पासष्टी. नावाप्रमाणेच ६५ ओव्या. आख्यायिका बाजूला ठेवली तरी ही रचना आजही आपल्यापुढे आहे.

यात ज्ञानदेव चांगदेवांच्या वयाचा पाणउतारा करत नाहीत. त्यांच्या सिद्धींची खिल्ली उडवत नाहीत आणि उगाच आरतीही ओवाळत नाहीत. वटेश्वराचा पुत्र म्हणून त्यांना मायेनं हाक मारतात. आपला जीवही भेटीसाठी आतुर झालाय असं सांगतात. मग मुद्द्यावर येतात. दागिने वेगवेगळे दिसले तरी सोनं एकच असतं. पाहणारा, दिसणारी वस्तू आणि पाहणं हे तीन वेगळे वाटतात, पण मुळात ते एकच. म्हणजे तू मोठा की मी मोठा, या ज्या प्रश्नावर चांगदेवांचा कागद अडला होता, त्या प्रश्नाचा पायाच ज्ञानदेवांनी काढून घेतला.

पण सिनियर माणूस एका पत्रानं बदलत नाही. चांगदेव भेटायला निघाले ते वाघावर बसून. हातात चाबूक म्हणून जिवंत साप, मागे शिष्य. आजच्या भाषेत सांगायचं तर पहिल्याच मीटिंगला पूर्ण सीव्ही अंगावर घालून निघाले. भावंडं तेव्हा एका भिंतीवर बसली होती. पाहुणा वाघावरून येतोय म्हटल्यावर सामोरं जायला हवं, म्हणून त्यांनी ती भिंतच चालवली. आळंदीला आजही ही भिंत दाखवतात.

चमत्कारावर विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, पण गोष्टीतली मेख बघा. भावंडांनी वाघापुढे आणखी मोठा वाघ आणला नाही. ज्यावर रोज बसायचो, ती साधी भिंत घेऊन ते निघाले. आणि ज्येष्ठ माणूस भेटायला येतोय म्हणून ते जागचे उठून पुढे गेले. चांगदेव वाघावरून उतरले.

इथून पुढचा भाग सगळ्यात अवघड आहे. चांगदेवांनी उपदेश मागितला, आणि परंपरा सांगते की त्यांच्या गुरू झाल्या मुक्ताबाई. कोऱ्या पत्रावर हसलेली तीच मुलगी. तेव्हा तिची विशीही आली नव्हती.

चांगदेवांचं काय पणाला लागलं होतं ते बघा. त्यांचे शिष्य समोर उभे होते. ज्यांनी आयुष्यभर त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, त्यांच्यादेखत त्यांना एका मुलीपुढे वाकायचं होतं. ज्ञानदेवांना गुरू केलं असतं, तर निदान ग्रंथकर्त्याला केलं असं तरी सांगता आलं असतं. मुक्ताबाईंच्या बाबतीत ती पळवाट नव्हती. वय नाही, पद नाही, वर बाई. राहिलं ते फक्त एकच, की तिला जे कळलंय ते आपल्याला कळलेलं नाही. चांगदेवांनी तेवढ्यावर निर्णय घेतला.

भावंडांची बाजूही बघण्यासारखी आहे. मुक्ताबाई माणसं पारखायच्या हे नामदेवांच्या गोष्टीतही दिसतं. संतांच्या मेळ्यात कोण पक्कं आणि कोण कच्चं हे तपासायला त्यांनी गोरोबा कुंभारांना सांगितलं. गोरोबांनी मडकी थापटायचं थापटणं घेऊन एकेकाचं डोकं वाजवलं. विठ्ठलाचे लाडके नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. पण त्यांनाही कुणी हाकललं नाही. ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे शिकायला गेले आणि पुढे पंजाबपर्यंत पोचले.

म्हणजे या मंडळींची भरतीची कसोटी सगळ्यांना सारखीच होती. वय किती, नाव किती मोठं, आधी कुठं होतात, हे त्यात नव्हतं. शिकायला आत जागा शिल्लक आहे का, एवढंच होतं. चांगदेवांना ज्येष्ठ म्हणून सूट मिळाली नाही आणि आता या वयात हे काय शिकणार म्हणून नकारही मिळाला नाही. आज भरती करताना आपण यातली एक तरी चूक करतोच.

कॉर्पोरेट जगात याला आता रिव्हर्स मेंटॉरिंग म्हणतात. १९९९ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख जॅक वेल्च यांनी कंपनीतल्या सुमारे ५०० वरिष्ठांना इंटरनेट शिकण्यासाठी तरुण कर्मचाऱ्यांच्या हाताखाली बसवलं, तेव्हापासून हा शब्द गाजला. पण तिथं आदेश वरून आला होता आणि शिकायचं होतं एक नवं साधन. चांगदेवांना कुणी आदेश दिला नव्हता. आणि बदलायचा होता तो स्वतःबद्दलचा समज.

पुढची गोष्ट चटका लावणारी आहे. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. वर्षभरात सोपानदेव गेले. १२९७ मध्ये तापीकाठी मुक्ताबाई गेल्या, निवृत्तीनाथही गेले.  मृत्यूला चौदा वेळा चुकवणाऱ्या चांगदेवांनीही पुणतांब्याला गोदावरीकाठी समाधी घेतली. यावेळी मृत्यू चुकवायचा खटाटोप त्यांनी केला नाही, असं भाविक मानतात.

तिकडे जळगाव जिल्ह्यात तापी आणि पूर्णेच्या संगमावर चांगदेव नावाचं गाव आहे, तिथं चांगदेवांचं जुनं दगडी मंदिर आहे. जवळच मुक्ताबाईंचं मुक्ताईनगर. महाशिवरात्रीला तिथं दोघांची मिळून यात्रा भरते. शिष्याचं वय गुरूच्या कितीतरी पट होतं, याचं कुणाला काही वाटत नाही.

आता परत ऑफिसातल्या त्या काकांकडे येऊ. त्यांनी मायना गाळला म्हणून आपण हसलो, मुक्ताबाईही हसल्या होत्या. पण चांगदेवांनी मायना सुचत नाही म्हणून पत्र पाठवायचं टाळलं नाही. आणि समोरच्या पोरांनी मायना नाही म्हणून उत्तर द्यायचं टाळलं नाही. तुमच्या इनबॉक्समध्ये असा एखादा बिनमायन्याचा मेल पडला असेल, तर त्याला आधी नीट उत्तर द्या. आणि तुम्हीच तो पाठवणारे असाल, तर कधीतरी वाघावरून उतरून बघा.