दामोदर धर्मानंद कोसंबी : नाणी तोलणारा गणिती

धर्मानंद कोसंबी हे नाव आपल्या संस्थेच्या परिवाराला परके नाही. गोव्यातील साखवाळ गावातून बाहेर पडून सिंहलद्वीपात भिक्खू झालेले, पालीचे अध्ययन करून महाराष्ट्रात परतलेले हे पंडित ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथामुळे आपल्या घराघरांत पोहोचले. त्यांचे चिरंजीव दामोदर यांच्याविषयी मात्र आपल्याकडे कमी बोलले जाते, आणि जे बोलले जाते ते बहुधा इतिहासकार म्हणून. या स्मरणिकेत आम्ही त्यांच्याकडे गणिती म्हणून पाहू इच्छितो. अकरावीच्या वर्गात ‘रिलेशन’ आणि ‘फंक्शन’ हा धडा सुरू झाला की आमचे विद्यार्थी दरवर्षी एकच प्रश्न विचारतात : एखादा संबंध फलन आहे की नाही, हे ठरवून करायचे काय? लातुरात गणिताचे गुण मोजणारे पुष्कळ आहेत. या प्रश्नाला थांबून उत्तर देणारे थोडे. आम्हांला ते उत्तर दामोदरांच्या आयुष्यात सापडले.

नियम तसा साधा आहे. पहिल्या संचातील प्रत्येक घटकाला दुसऱ्या संचातील एक आणि एकच घटक जोडलेला असेल, तर तो संबंध फलन होय. वसतिगृहात प्रत्येक विद्यार्थ्याला एकच खोली मिळते. म्हणून विद्यार्थ्याकडून खोलीकडे जाणारा संबंध फलन आहे, एका खोलीत चौघे राहत असले तरीही. उलट खोलीकडून विद्यार्थ्याकडे जाऊ पाहिले, तर एका खोलीसमोर चार नावे उभी राहतात आणि फलन मोडते. आलेखावर कोठेही उभी रेषा ओढली असता तिने वक्राला दोनदा छेदता कामा नये, हे त्याचेच चित्ररूप.

दामोदरांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. पुण्यात काही वर्षे शिक्षण झाल्यावर १९१८ मध्ये वडिलांबरोबर ते अमेरिकेस गेले. धर्मानंद तेथे हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम करीत होते. मुलाने त्याच विद्यापीठातून १९२९ मध्ये उच्च श्रेणीत पदवी मिळविली. परतल्यावर बनारस आणि अलीगढ येथे अध्यापन करून १९३३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. वडिलांनी ज्या महाविद्यालयात पाली शिकविली होती, तेथेच मुलाने सुमारे बारा वर्षे गणित शिकविले. १९४५ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. पण बिऱ्हाड पुण्यातच राहिले आणि डेक्कन क्वीनचा डबा ही त्यांची दुसरी अभ्यासिका झाली.

फर्ग्युसनच्या दिवसांत संख्याशास्त्र हाताशी यावे म्हणून त्यांनी एक प्रत्यक्ष प्रश्न निवडला. तक्षशिलेला चांदीच्या आहत नाण्यांचे साठे सापडले होते. नाणे हातोहात फिरते तसे झिजते; मग वजनावरून ते किती काळ चलनात होते, हे सांगता येईल काय? त्यांनी तराजू घेतला. प्राचीन नाण्यांच्या आधी आपल्याच काळातील चलनी नाणी तोलली, कारण त्यांवर साल छापलेले असते.

आता आपला नियम येथे लावून पाहावा. एकाच सालची दोन नाणी घेतली, तर त्यांची वजने सारखी भरत नाहीत. एक पेटीत पडून राहिलेले असते, दुसरे बाजारात हजार हातांतून गेलेले असते. साल एक आणि वजने अनेक. तेव्हा सालाकडून वजनाकडे जाणारा संबंध फलन नाही. विद्यार्थी येथे उत्तर लिहून पुढच्या गणिताकडे वळेल. कोसंबी वळले नाहीत. एका सालच्या पुष्कळ नाण्यांचे सरासरी वजन काढले, तर त्या सालाला एकच संख्या मिळते आणि तो संबंध फलन होतो. सरासरी वजन काळानुसार नियमित घटत जाते, आणि नाणे जितके जुने तितका वजनांमधला फरक वाढत जातो, असे त्यांना आढळले. प्राचीन नाण्यांवर साल नव्हते. पण पाठीमागच्या बाजूस बारीक ठसे होते. ते नाण्याच्या वेळोवेळी झालेल्या तपासणीचे असावेत, असे मानून त्यांनी ठशांच्या संख्येप्रमाणे नाणी वेगळी केली. ठसे वाढत गेले तसे सरासरी वजन उतरत गेले. ज्यांच्यावर एक अक्षरही नाही, त्या नाण्यांचा क्रम असा लागला. मात्र सुटे एक नाणे हातात घेऊन त्याच्या वजनावरून वय सांगता येत नाही. बोलता येते ते समूहाविषयी.

त्यांचे दुसरे काम अधिक प्रसिद्ध झाले आणि त्याच्या नावातच फलन आहे. गुणसूत्रावरील दोन जनुके पिढी बदलताना किती वेळा एकमेकांपासून सुटी होतात, याची टक्केवारी प्रयोगात मोजता येते. त्यांमधले अंतर मात्र थेट मोजता येत नाही. टक्केवारी हेच अंतर धरावे, तर लांबच्या जनुकांत दोनदा झालेली अदलाबदल एकमेकीस झाकून टाकते. १९१९ मध्ये हाल्डेन यांनी यासाठी एक सूत्र दिले होते. त्यात एक अदलाबदल दुसरीवर परिणाम करीत नाही, असे गृहीत होते. कोसंबींनी १९४४ मध्ये तो परिणाम जमेस धरून नवे सूत्र मांडले. ३० टक्क्यांना हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे ४५.८ एकक येते, कोसंबींच्या सूत्राने सुमारे ३४.७. दोन्ही सूत्रे एका टक्केवारीला एकच अंतर देतात. दोन्ही फलनेच आहेत. तेव्हा फलन असणे वेगळे आणि निसर्गाशी जुळणे वेगळे, हेही विद्यार्थ्याने येथेच शिकून घ्यावे.

५० टक्के ही येथील सीमा. जनुके एकाच गुणसूत्रावर फार दूर असोत वा निरनिराळ्या गुणसूत्रांवर असोत, टक्केवारी पन्नासच्या आसपास येते. त्या एका संख्येमागे अनेक शक्यता उभ्या राहतात आणि सूत्र अंतर सांगण्याचे नाकारते. फलनाचा प्रांत कोठे संपतो हे आधी पाहावे, असे आम्ही फळ्यावर सांगतो तेव्हा मुलांना तो गुण कापण्याचा बहाणा वाटतो. लातूरच्या बाजारात जिची आवक दरवर्षी चर्चेत असते, त्या तुरीच्या जनुकांचे नकाशे काढतानाही संशोधक कोसंबींचे सूत्र वापरतात.

पुढचा भाग सांगणे आम्हांला सोपे नाही, पण गाळणे योग्यही नाही. १९५९ मध्ये कोसंबींनी रीमानच्या सुप्रसिद्ध गृहीतकाला संभाव्यतेच्या मार्गाने भिडणारा लेख कृषी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध केला. गणितज्ञांनी तो मान्य केला नाही. यदृच्छेने निवडलेल्या असंख्य अनुक्रमांपैकी जवळजवळ सर्वांना लागू पडणारी गोष्ट मूळ संख्यांच्या एकमेव अनुक्रमालाही लागू पडेलच, असे म्हणता येत नाही. सरासरीवरून सुट्या नाण्याविषयी बोलू नये, ही मर्यादा ज्यांनी तराजूपाशी बसून पाळली होती, त्यांच्याच हातून ती येथे ओलांडली गेली, असे आमचे मत आहे. यामुळे त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला. अणुऊर्जेऐवजी सूर्यशक्तीचा आग्रह धरल्याने मतभेदही होतेच. १९६२ मध्ये टाटा संस्थेने त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढविली नाही.

ते खचले नाहीत. पुण्याच्या टेकड्यांवर लहान दगडी हत्यारे वेचणे, कार्ले-जुन्नरच्या लेण्यांकडे जाणाऱ्या जुन्या वाटा पायी धुंडाळणे चालूच होते. १९६४ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांना संशोधनासाठी जागा मिळाली. १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. २९ जून १९६६ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, पुण्यातील घरी त्यांचे निधन झाले.