डॉ. रखमाबाई व खाजगी गोष्टींची राखण

अंबरनाथचे प्राचीन शिवालय आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिलेच असेल. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेल्या त्या मंदिराचा मंडप येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांस मोकळा आहे. परंतु गाभारा मात्र पायऱ्या उतरून खाली जावे तेव्हा लागतो. मनुष्याच्या आयुष्याचेही काहीसे असेच आहे. त्याचा एक मंडप असतो, तेथे चार लोकांनी यावे, बसावे, बोलावे. त्याचा एक गाभाराही असतो, आणि तेथे कोणास येऊ द्यावे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.

अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर येथील घरोघरी आज मोबाईल आहे. त्याच्या योगाने अभ्यास होतो, दूरच्या आप्तांची भेट होते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याच वाटेने आपल्या गाभाऱ्यातील गोष्टी परक्यांच्या हाती जातात, हेही तितकेच खरे. या विषयावर कोरडा उपदेश करण्यापेक्षा एका थोर स्त्रीचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले. जिच्या घरातील गोष्ट एके काळी सबंध मुंबई इलाख्याच्या तोंडी झाली होती, त्या डॉ. रखमाबाईंचे हे चरित्र होय.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबई येथे झाला. त्यांचे वडील जनार्दन पांडुरंग हे त्या अगदी लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या सुतार जातीत तशी मोकळीक होती. पुनर्विवाहापूर्वी जयंतीबाईंनी पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. डॉ. सखाराम अर्जुन हे नामांकित वैद्य व वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते. मुंबईत १८८३ साली निसर्गेतिहासाची जी प्रसिद्ध संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. अशा सुविद्य गृहस्थाच्या छायेत रखमाबाई वाढल्या.

तरीही त्या काळची रूढी त्यांच्या वाट्यास आलीच. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी लावून देण्यात आला. जावयाने सासरेबुवांच्या घरी राहून विद्या संपादन करावी, असे ठरले होते. परंतु दादाजींस अभ्यास रुचला नाही, आणि ते आपल्या मामाच्या घरी राहावयास गेले. रखमाबाई मात्र आईपाशीच राहिल्या. शाळेत जाणे घडत नव्हते, म्हणून फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणवून त्यांनी घरीच अभ्यास चालविला. आईबरोबर प्रार्थनासमाजाच्या व आर्य महिला समाजाच्या सभांसही त्या जात असत. विचार जसजसे प्रौढ होत गेले, तसतसे त्यांच्या मनाने घेतले की, आपणांस न विचारता जुळविलेल्या या संसारात आपण जावयाचे नाही.

१८८४ साली दादाजींनी वकिलामार्फत पत्र पाठविले, आणि पत्नीने नांदावयास यावे म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दावा गुदरला. येथून रखमाबाईंच्या आयुष्याचे दार जगाने धडाधड वाजवावयास आरंभ केला. पतीची प्रकृती कशी, त्याची मिळकत किती, त्याच्या मामाच्या घरची रीत काय, रखमाबाईंच्या नावावरील मालमत्ता कोणाच्या डोळ्यांत सलते, या साऱ्या गोष्टी भर न्यायालयात बोलल्या गेल्या व दुसऱ्या दिवशी छापून निघाल्या. वीसएकवीस वर्षांच्या त्या तरुणीस, आपल्या घरच्या गोष्टी परक्यांनी चघळाव्यात याचे केवढे दुःख झाले असेल, याची कल्पना प्रत्येकाने आपल्या मनाशी करून पाहावी.

या सुमारास त्यांनी जे केले ते आमच्या विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावे. बालविवाह व सक्तीचे वैधव्य या चालींविरुद्ध त्यांस बोलावयाचे होते. बोलल्यावाचून राहणे त्यांस शक्य नव्हते; परंतु नाव देऊन बोलावे तर आधीच पेटलेल्या वादात तेल पडते. त्यांनी मधला मार्ग काढला. १८८५ च्या जून व सप्टेंबर महिन्यांत टाइम्स ऑफ इंडिया या पत्रात त्यांची दोन पत्रे प्रसिद्ध झाली, आणि त्यांखाली केवळ ‘एक हिंदू स्त्री’ एवढ्याच अर्थाची सही होती. विचार सर्वांस दिले; नाव मात्र स्वतःपाशी ठेवले. ती स्त्री कोण, हे पुढे जगास कळले, ही गोष्ट निराळी.

आजकाल खोटे नाव घेऊन मोबाईलवर वावरणारे पुष्कळ आहेत. त्यांत व रखमाबाईंत भेद कोणता? तो हेतूचा आहे. दुसऱ्यास फसवावे, त्याच्याकडून पैसे अगर फोटो काढून घ्यावेत, त्यास छळावे, म्हणून जो नाव लपवितो तो लबाड होय. आपणांस कोणी छळू नये व तरीही सत्य बोलता यावे, म्हणून जो नाव झाकतो तो शहाणा होय. ज्या मुलास अगर मुलीस सार्वजनिक ठिकाणी आपले पूर्ण नाव, शाळा, पत्ता व जन्मतारीख लिहावयाची नाही, ती काही अप्रामाणिक नव्हेत.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. बालपणी, संमतीवाचून विवाह झालेल्या स्त्रीस अशा रीतीने बळजबरीने पतीकडे धाडणे त्यांस योग्य वाटले नाही. हे यश मात्र फार दिवस टिकले नाही. अपिलात तो निकाल फिरला व खटला पुन्हा चालावयास आला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आज्ञा केली की, रखमाबाईंनी पतीकडे जावे, नाहीतर सहा महिने कैद भोगावी. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली.

त्यामुळे वाद अधिकच भडकला. बेहरामजी मलबारी यांच्यासारखे सुधारक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. टिळकांच्या केसरीने त्यांच्यावर कडक टीका केली. खटल्याची वार्ता विलायतेपर्यंत पोहोचली व तेथील पत्रांतही चर्चा चालली. दादाजींनी आपली बाजू मांडणारे पुस्तक १८८७ साली छापून प्रसिद्ध केले, तेव्हा रखमाबाईंनी वृत्तपत्रातून त्यास उत्तर दिले. आता नाव झाकण्याचा उपयोग नव्हता, म्हणून त्यांनी ते झाकले नाही. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला, आणि रखमाबाईंस तुरुंगात जावे लागले नाही.

या चार वर्षांच्या कथेत आम्हांस एक मोठा बोध दिसतो. गुप्त गोष्ट उघड होईल, हा धाक ज्यास घालता येतो, तो मनुष्य धाक घालणाऱ्याचा गुलाम होतो. रखमाबाईंची बदनामी पुरेपूर झाली, तरी त्या डगमगल्या नाहीत, कारण आपण काही पाप केले नाही हे त्या जाणून होत्या आणि आई, आजोबा व स्नेहीमंडळी त्यांच्या पाठीशी होती. आजही फोटो सर्वांस दाखवीन असा धाक घालून मुलामुलींस छळणारे दुष्ट लोक आहेत. त्यांचे बळ त्यांच्या हातातील फोटोत नसते, आपल्या मौनात असते. असा प्रसंग आल्यास त्यास पैसे देऊ नयेत, आणखी फोटो तर मुळीच पाठवू नयेत. आलेले निरोप पुरावा म्हणून जपून ठेवावेत व त्याच दिवशी आईवडिलांस अगर शिक्षकांस सांगावे. मुलांच्या साह्यासाठी १०९८ व पैशाच्या फसवणुकीसाठी १९३० हे दूरध्वनी क्रमांक सरकारने ठेविलेले आहेत. पालकांसही आमची प्रार्थना आहे की, मूल सांगावयास आले म्हणजे प्रथम त्याचे ऐकावे, रागे भरणे मागाहून. ज्या घरात मूल सांगू शकते, त्या घरात बाहेरच्या धमकीचे काही चालत नाही.

खटल्यातून सुटल्यावर रखमाबाईंनी विद्येचा मार्ग धरला. कामा इस्पितळाच्या डॉ. एडिथ पीची यांच्या उत्तेजनाने व हितचिंतकांच्या द्रव्यसाह्याने त्या १८८९ साली विलायतेस गेल्या आणि लंडन येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या. १८९४ साली त्यांचे शिक्षण पुरे झाले, त्यानंतर त्या स्वदेशी परतल्या, व पुढे सुरत येथील स्त्रियांच्या इस्पितळाच्या प्रमुख झाल्या. सुरतेनंतर राजकोटच्या जनाना इस्पितळात त्यांनी काम पाहिले. अशी सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी रुग्णसेवेत घालविली. पुरुष डॉक्टरास आपले दुखणे सांगण्यापेक्षा मरण बरे, असे मानणाऱ्या असंख्य स्त्रिया त्या काळी होत्या. वैद्यास रोग्याच्या घराचा व शरीराचा गाभारा पाहावाच लागतो, आणि पाहिलेले पोटात ठेवणे हा त्याचा पहिला धर्म होय. जिच्या स्वतःच्या गोष्टी चव्हाट्यावर आल्या, तिने हाच व्यवसाय पत्करावा, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

१९०४ साली दादाजी वारले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचा पांढरा वेष धारण केला. ज्या पतीकडे जाण्यापेक्षा त्यांनी तुरुंग पत्करला होता, त्याच्यासाठी असे का केले, याविषयी तर्क पुष्कळ करता येतील. आम्ही ते करीत नाही. ज्या स्त्रीला जगाने इतकी वर्षे जाब विचारला, तिच्या मनाचा एवढा कोपरा तरी आपण तिच्यापाशीच राहू द्यावा.

उतारवयात १९२९ साली त्यांनी पडद्याची चाल बंद व्हावी म्हणून इंग्रजीत पुस्तिका लिहिली. येथे कोणी शंका काढील की, खाजगीपणा जपणारी स्त्री पडद्याविरुद्ध कशी? परंतु या दोन गोष्टी भिन्न आहेत. पडदा दुसरा घालतो. खाजगीपणा आपण आपल्यासाठी राखतो. मुलीवर मोबाईलमधून संकट येईल या भीतीने तिच्या हातून तो काढून घेणे व तिचे शिकणे थांबविणे, हा नवा पडदाच होय. त्यापेक्षा दाराची कडी कशी लावावी हे तिला शिकवावे, आणि तेच मुलासही शिकवावे.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, डॉ. रखमाबाई निवर्तल्या. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा प्रत्येक भारतीयाचा मूलभूत अधिकार आहे. त्याच वर्षी रखमाबाईंची जन्मतिथी आली, तेव्हा गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र दिले. २०२३ साली आपल्या संसदेने व्यक्तीच्या माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला.

परंतु कायदा दाराबाहेर उभा असतो. कडी आतून आपणच लावावयाची असते. पासवर्ड व ओटीपी जिवलग मित्रासही सांगू नये. ज्यास प्रत्यक्ष कधी पाहिले नाही, त्यास घरचा पत्ता देऊ नये व एकट्याने भेटावयास जाऊ नये. गणवेशातील एका फोटोवरून आपली शाळा कळते. रोज ठराविक वेळी बदलापूर अगर अंबरनाथ स्थानकावर काढलेल्या फोटोंवरून आपण कोणत्या गाडीने जातो हेही परक्यास कळते. दुसऱ्याचा फोटो त्यास विचारल्यावाचून पुढे पाठवू नये. वर्तमानपत्राचा कागद कालांतराने रद्दीत जातो. मोबाईलवरून एकदा गेलेली गोष्ट मात्र किती हातांत पोहोचली, हे पाठविणाऱ्यासही कळत नाही.

पालकांसाठी एकच गोष्ट सांगून आम्ही हे चरित्र पुरे करतो. अकरा वर्षांच्या रखमाबाईंस कोणी विचारले नव्हते. त्यांच्यावर लादलेले बंधन फार मोठे होते, त्याची बरोबरी आम्ही करीत नाही. तथापि आपल्या मुलाचा फोटो, त्याचे गुण अगर त्याचे दुखणे शंभर लोकांस कळविण्यापूर्वी त्यास एकदा विचारावे. लहानपणी ज्याला विचारले जाते, तो मोठेपणी दुसऱ्यास विचारावयास शिकतो.