मैदानाचा राखणदार : कै. पालवणकर बाळू

ज्येष्ठाचे दिवस आले की आपल्या छत्रपती संभाजीनगरातील बागांची कळा पालटते. मकबऱ्याच्या आवारातील हिरवळ पिवळी पडते, हिमायत बागेतील आंब्यांचा बहर उतरून जातो, आणि शाळेच्या क्रीडांगणावर तर पाऊल ठेवताच धुळीचा लोट उठतो. मुले सुटीसाठी आजोळी गेलेली असतात. अशा वेळी एखादा माळी रबराची नळी खांद्यावर टाकून त्या ओसाड मैदानाला पाणी पाजीत असतो. जूनमध्ये शाळा उघडते, पाऊस पडतो, गवत तरारते, आणि मुले खेळू लागतात. परंतु ती जमीन उन्हाळ्यात कोणी जगविली, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनात येतो.

विद्यार्थी मित्रहो, आज ज्यांचे चरित्र तुम्हांपुढे ठेवावयाचे आहे त्यांनी आपल्या आयुष्याचा आरंभ असाच एक मैदानाचा राखणदार म्हणून केला. पुढे त्यांनी त्याच मैदानावर मोठमोठ्या फलंदाजांना नमविले. त्यांचे नाव बाळू बाबाजी पालवणकर. हिंदुस्थानातील पहिला थोर गोलंदाज म्हणून क्रिकेटच्या इतिहासात त्यांची गणना होते.

बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. त्यांचे मूळ गाव कोकणातील पालवण. त्यावरूनच पालवणकर हे आडनाव आले. कुळ चर्मकार समाजाचे. त्या काळी ह्या समाजास अस्पृश्य लेखीत असत. विहिरीवर, देवळात, पंक्तीत, कोठेही त्यास इतरांबरोबर स्थान नव्हते. वडील पुण्यास लष्करी खात्यात नोकरीस होते, आणि म्हणून मुलांचे बालपण पुण्याच्या लष्करी वस्तीत गेले. गोरे अधिकारी टाकून देत त्या जुन्या बॅटी व झिजलेले चेंडू घेऊन बाळू व त्याचा धाकटा भाऊ शिवराम खेळत. त्यांच्या मागून गणपत व विठ्ठल हे आणखी दोन भाऊही ह्याच खेळाच्या नादी लागले. ज्या घरात पोटाची चिंता होती त्या घरात चार भावांनी एकच वेड जोपासावे, ही गोष्ट विलक्षण खरी. परंतु पुढे हेच वेड त्या घराची कीर्ती ठरावयाचे होते.

शाळेचे शिक्षण फार काळ चालणे शक्यच नव्हते. घरच्या संसारास हातभार लावण्यासाठी बाळूने पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात नोकरी धरली. काम खेळपट्टी झाडण्याचे व तिजवर रोलर फिरविण्याचे. पगार दरमहा ३ रुपये. सभासदांना सराव हवा असेल तेव्हा चार चेंडू टाकावयाचे, हे त्या कामाचेच एक अंग. पुढे १८९२ च्या सुमारास तो युरोपियन लोकांच्या पूना क्लबात गेला. तेथे पगार १ रुपयाने वाढला आणि कामही वाढले. खेळपट्टी दाबून सारखी करणे, चुन्याने रेषा आखणे, सरावाची जाळी बांधणे, गरज पडल्यास टेनिसच्या पटांगणाच्याही रेघा मारणे, असा त्याचा दिनक्रम होता.

ज्याने हे काम केले आहे त्यालाच जमिनीचा स्वभाव कळतो. कोणत्या जागी ओल अधिक राहते, कोठे चेंडू दबून येतो, कोठे उसळतो, उन्हाने माती फुटू लागली म्हणजे ती चेंडूला कशी पकडते, हे पुस्तकात वाचून समजत नाही. डावखुऱ्या बाळूने पुढे जी संथ फिरकी गोलंदाजी केली तिच्या मुळाशी ही रोजची ओळख होती, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

पूना क्लबातील एका गोऱ्या सभासदाने ह्या पोराच्या हातातील गुण ओळखून त्यास जाळ्यात नियमाने गोलंदाजी करावयास लाविले. तेव्हाचे नामांकित फलंदाज कॅप्टन ग्रेग हे तर इतर मंडळी येण्याच्या तासभर आधी मैदानावर येत आणि बाळूच्या गोलंदाजीवर सराव करीत. ग्रेगसाहेब आपणांस बाद केल्याबद्दल त्यास दर खेपेस आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एवढे खरे की एकाची फलंदाजी व दुसऱ्याची गोलंदाजी ह्या सरावाने तावून सुलाखून निघाली. मात्र त्या क्लबात बाळूच्या हाती बॅट कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान, गोलंदाजी हे चाकराचे काम, अशी तेथील समजूत होती.

बाळूची कीर्ती पुण्यात पसरली तेव्हा तेथील हिंदू क्लबापुढे पेच उभा राहिला. युरोपियनांना हरविण्याची हौस तर मोठी, आणि त्यांना हरवू शकेल असा गोलंदाज हाताशी. परंतु त्यास संघात घ्यावे तर जात आड येते! बराच वाद झाला. शेवटी विजयाची ओढ सोवळ्याहून बलवत्तर ठरली व बाळूंना संघात घेण्यात आले. त्यापुढचा प्रकार मात्र विचार करण्यासारखा आहे. मैदानावर जो चेंडू बाळूंच्या हातून सुटे तोच इतर सारे हाती घेत. त्यास विटाळ लागत नसे. पण खेळ थांबून चहाची वेळ झाली की इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूंना मात्र बाहेर, फेकून देण्याजोग्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाच्या वेळी त्यांचे पान निराळे, मेज निराळे. ज्याने दुपारी संघाची लाज राखली तो तिसऱ्या प्रहरी पुन्हा परका होई.

ह्याच सुमारास साताऱ्याच्या गोऱ्या लोकांच्या जिमखान्याशी सामना झाला. बाळूंच्या फिरकीचे तेज कमी व्हावे म्हणून तेथील खेळपट्टी आठवडाभर रोलर फिरवून दगडासारखी टणक करून ठेविली होती, असे सांगतात. पण ज्याने वर्षानुवर्षे स्वतः रोलर ओढला त्यास टणक जमिनीचे काय भय! बाळूंनी सात गडी बाद केले व पुणेकरांचा जय झाला. ह्या विजयानंतर त्यांचा जाहीर सत्कार झाला. ज्याच्याबरोबर खेळावयास चालते त्याच्याबरोबर खाणेपिणे का चालू नये, हा प्रश्न न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकांनी तेव्हा समाजापुढे मांडला. मातीच्या भांड्याची गोष्ट एका दिवसात मिटली नाही, परंतु तिची लाज वाटू लागली, हेही थोडे नव्हे.

१८९६ मध्ये प्लेगाची साथ सुरू झाली. त्या धामधुमीच्या काळात बाळू मुंबईस आले. तेथील परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही त्यांच्या प्रवेशास आरंभी काही सभासदांचा विरोध झाला, पण अखेर त्यांस घेणे भाग पडले. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली, व घराला स्थैर्य आले. भावांनाही आता मोठ्या सामन्यांची दारे उघडू लागली.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईस हिंदू व युरोपियन ह्या संघांचा सामना झाला. बाळू व शिवराम दोघेही हिंदूंकडून खेळले. बाळूंनी दोन डावांत मिळून आठ गडी बाद केले आणि हिंदूंनी शंभराहून अधिक धावांनी जय मिळविला. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविल्याचा आनंद साऱ्या देशास झाला. त्याचबरोबर अनेकांच्या ध्यानात आले की, हा जय जातिभेद बाजूस सारल्यामुळेच हाती आला. पुढच्या वर्षीही हिंदूच जिंकले.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल हिंदुस्थानचा संघ इंग्लंडास गेला. त्यात बाळू व शिवराम ह्या दोन्ही भावांची निवड झाली. संघाची कामगिरी एकंदरीत बेताचीच झाली. २३ सामन्यांपैकी ६ जिंकले, १५ हरले. परंतु त्या पराभवांतही एक नाव झळकत राहिले. खांदा दुखत असतानाही बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी ८ गडी टिपले. लेस्टरशायरवरील विजय तर प्रामुख्याने त्यांचाच होता. सॉमरसेटविरुद्ध शिवरामांनी शतक झळकाविले व संघ एका गड्याने विजयी झाला. तेव्हा बाळूंचे वय पस्तिशीच्या घरात होते. ह्या वयाच्या आधीच त्यांना परदेशी खेळावयास मिळते तर त्यांची कीर्ती कोठवर गेली असती, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

मुंबईस परतल्यावर दलित समाजाने त्यांचा गौरव केला. त्या समारंभात तरुण भीमराव आंबेडकर यांनी पुढाकार घेतला होता असे सांगितले जाते. भीमराव तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते. आपल्या समाजातील एक पुरुष गुणांच्या बळावर जगापुढे उभा राहिला, हे दृश्य त्या काळच्या कितीतरी मुलांनी उराशी बाळगले असेल.

इतके असूनही एक मान बाळूंच्या वाट्यास आला नाही. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच देण्यात आले नाही. अनुभवाने व कर्तृत्वाने तेच पहिले, पण जातीने शेवटचे! १९१३ मध्ये कर्णधार झालेले श्री. पै यांनी हा मान वास्तविक बाळूंचा आहे असे जाहीरपणे मान्य केले, ही त्यांच्या मनाची थोरवी. १९२० साली तर पहिल्या सामन्यातून बाळूंना वगळण्यात आले, आणि श्री. पै यांच्या गैरहजेरीत विठ्ठलचा हक्क डावलून कर्णधारपद दुसऱ्यास दिले गेले. तेव्हा शिवराम व विठ्ठल ह्या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले. हा रुसवा नव्हता. आपला अपमान जातीवरून होत आहे हे त्यांनी उघडपणे सांगितले. लोकमत त्यांच्या बाजूने वळले. अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलाविण्यात आले, भाऊही परतले, आणि खेळ चालू असता श्री. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, ते अशासाठी की तेवढा वेळ तरी संघाची सूत्रे बाळूंच्या हाती यावी.

थोरल्याने पेरलेले धाकट्याने पाहिले. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेऊन मिरविले. ज्या घरातील माणसास एके काळी चहा बाहेर मिळत असे त्या घरातील माणूस सर्व जातींच्या खांद्यांवर होता. गणपत मात्र अल्पायुषी ठरले. त्यांस हा दिवस दिसला नाही. विठ्ठलांनी पुढे मराठीत आत्मचरित्र लिहून भावांच्या ह्या आठवणी जपून ठेविल्या.

बाळूंनी ३३ प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १७९ गडी बाद केले. दर गड्यामागे सरासरी अवघ्या १५ धावा दिल्या. खेळ सोडल्यावर ते सार्वजनिक कार्यात पडले. दलितांच्या हक्कांचा मार्ग कोणता, ह्याविषयी त्यांचे व डॉ. आंबेडकरांचे मतभेद झाले. विभक्त मतदारसंघ बाळूंना मान्य नव्हते. १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत तर ते मुंबईत काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्धच उभे राहिले. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मते पडली. दोघांची वाट वेगळी होती, पण दोघांच्या पायांत रुतलेला काटा एकच होता. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

आपल्या नगराशी बाळूंचा काही संबंध आल्याचे चरित्र सांगत नाही. परंतु ज्या भीमरावांनी तरुणपणी त्यांचा गौरव केला असे म्हणतात, त्यांनीच स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय १९५० साली येथे सुरू झाले, व ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. ज्यांच्या वडिलांना शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसावे लागले अशी कितीतरी मुले तेथून पदवी घेऊन बाहेर पडली. त्यांच्या घरी आजही आजोबांच्या तोंडून त्या काळच्या हकिगती ऐकावयास मिळतात. पालकांनी त्या मुलांना अवश्य सांगाव्या, कारण मातीच्या भांड्याची गोष्ट विसरली गेली तर ते भांडे पुन्हा हाती येण्यास वेळ लागत नाही.

असो. मित्रहो, पावसाळ्यानंतर तुम्ही शाळेच्या हिरव्यागार क्रीडांगणावर उतराल तेव्हा कडेला उभा असलेला माळी तुमच्या दृष्टीस पडेल. त्याचे नाव विचारा. खेळ संपल्यावर पाणी पिण्यास आत जाल तेव्हा त्यालाही बोलवा, आणि ज्या पेल्याने तुम्ही प्याल त्याच पेल्याने त्यालाही द्या. बाळू पालवणकरांचे स्मरण करण्याची ह्याहून सोपी व ह्याहून चांगली रीत दुसरी नाही.