एका वर्षाच्या अटीवर

बीएस्सी केमिस्ट्री झाली की महाड एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या क्यूसी लॅबसाठी बायोडेटा टाकायचा, यात आपल्याकडच्या मुलींना आता काही विशेष वाटत नाही. १९३३ मध्ये मात्र लॅबच्या दारातच अडवायचे. कमला भागवत मुंबईतून बीएस्सीला पहिली आली, तरी बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटने तिचा अर्ज फेटाळला. कारण एकच, ती मुलगी होती. नाही म्हणणारे होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन! (तिचे वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले.)

ही थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. वर्षभर रेग्युलर विद्यार्थिनी म्हणून नोंद नाही, गाईड सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम, आणि तिच्यामुळे मुलांचं लक्ष विचलित व्हायला नको. ही शेवटची अट वाचून आजही डोकं फिरतं. पण वर्षाने रामन यांनी तिची रीतसर नोंद केली आणि पुढे इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला.

तिथे श्रीनिवासय्या सरांच्या हाताखाली तिने दूध आणि डाळींमधल्या प्रोटीन्सवर काम केलं. मग केंब्रिज. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींमध्येही सायटोक्रोम सी असतं हे तिला दिसलं. १९३९ मध्ये पीएचडी, प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा!

आता थोडं प्रॅक्टिकल. गव्हात प्रोटीन किती, हे काढायची जुनी रीत म्हणजे १८८३ ची केल्डाल पद्धत. पीठ कडक सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उकळायचं, त्यातल्या नायट्रोजनचा अमोनिया करून तो टायट्रेशनने मोजायचा आणि नायट्रोजनच्या आकड्याला ५.७ ने गुणायचं. म्हणजे मोजतो नायट्रोजन, म्हणतो प्रोटीन. त्यातलं अंगी किती लागतं, ते हा आकडा सांगत नाही.

लग्नानंतर सोहोनी झालेल्या कमलाबाईंनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत नेमकं तेच शोधलं. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमला अडवणारे घटक असतात. नीट शिजवलं की ते बरेचसे निकामी होतात. आई उसळ कच्ची ठेवू नको म्हणते, ते उगाच नाही. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कारही मिळाला. त्याच संस्थेच्या त्या पुढे संचालक झाल्या.

लेखिका दुर्गा भागवत त्यांची बहीण. दुर्गाबाईंचं नाव आपल्याला माहीत असतं, कमलाबाईंचं मला बीएस्सीच्या एका मैत्रिणीकडून कळलं. १९९८ मध्ये दिल्लीत वैद्यकीय संशोधन परिषदेने ठेवलेल्या सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गेल्या.