यंत्रांच्या गावातील हास्य

शंकर वासुदेव किर्लोस्कर यांचे नाव निघाले की 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' या मासिकांचे संपादक एवढेच बहुतेकांना आठवते. ते व्यंगचित्रकारही होते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. त्यांच्या संपादनाचे मर्म मात्र या विसरलेल्या अंगातच आहे.

त्यांचा जन्म 1891 चा. चित्रकलेचे शिक्षण घेऊन ते चुलते लक्ष्मणराव यांच्या कारखान्यात आले. औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर 1910 साली वसलेली किर्लोस्करवाडी आज पलूस तालुक्यात मोडते. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत असलेल्या शेतकऱ्याला लोखंडी नांगर विकायचा होता. 1920 साली निघालेली 'किर्लोस्कर खबर' ही या व्यवहाराचेच अपत्य. मालाची खबर देणाऱ्या पत्राचे वैचारिक मासिक व्हावे, हे जमाखर्चाच्या कोणत्याही वहीत न बसणारे आहे.

त्याआधी वीस वर्षे, 1900 साली, फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ यांनी हास्यावर एक छोटेखानी ग्रंथ लिहिला होता. जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की हसू येते आणि ते हसू ही त्या ताठरपणाला समाजाने केलेली शिक्षा असते, असा त्याचा आशय. या सिद्धान्ताचे उदाहरण पाहण्यास पॅरिसला जावयाचे कारण नाही. शंकररावांचा रोख लोखंडी यंत्रांवर नव्हता. तो होता विचार न करता तीच ती आवर्तने करणाऱ्या मनावर, बुवाबाजीवर आणि शिळ्या रूढींवर. युक्तिवादाला शास्त्राधाराचे उत्तर देता येते. रेषेत दडलेला अर्थ शब्दांत पुरता सापडतच नाही, मग त्याचे खंडन कोण करणार? सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'मध्ये आले, तेव्हा सनातनी मंडळींच्या रोषाची या संपादकाने तमा बाळगली नाही.

हसताना अंतःकरण क्षणभर बधिर व्हावे लागते, असेही बर्गसाँ मानीत. येथे शंकररावांची वाट निराळी झालेली दिसते. रूढी हास्यास्पद खरी, पण तिच्याखाली चिरडलेली बाई हास्यास्पद नव्हे, एवढा विवेक त्यांच्यापाशी होता. 1930 साली त्यांनी 'स्त्री' मासिक सुरू केले ते तिच्यासाठी.

1975 साली त्यांचे निधन झाले. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले होते 'शंवाकीय'. संपादकीय, राजकीय यांच्या पंगतीत सहज बसणारा हा शब्द कोणत्याही कोशात मिळत नाही. ती आहेत त्यांचीच आद्याक्षरे.